नवा लॅपटॉप आणि लगेच गेलेली हार्ड डिस्क : तुमचा अनुभव लिहा

लॅपटॉप पाच-सहा वर्षं वापरल्यावर डिस्क गेली तर माणूस चार दिवस चरफडतो आणि नवी आणतो. पण ईएमआयचे पहिले दोन-तीन हप्तेच गेलेत आणि स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' (सुरू व्हायला डिस्कच सापडत नाही) एवढंच उमटतंय, तेव्हा काय करायचं हे कुणालाच धड माहीत नसतं. ओळखीच्या दोन घरांत नुकतंच हे झालं. दोघांनाही उत्तर एकच मिळालं : डिस्क बदलून देऊ, डेटाची जबाबदारी आमची नाही.

"नवी वस्तू एवढ्यात कशी जाईल?" जाते. कारखान्यातून निसटलेले दोष पहिल्या काही महिन्यांतच वर येतात. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सतत राबवल्या जाणाऱ्या डिस्का पहिल्या तीन महिन्यांत जास्त गेलेल्या दिसल्या. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त धसका देऊन गेली : बिघडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या 'स्मार्ट' नोंदींत (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या), तापमान सोडलं तर, बिघाडाची एकही खूण नव्हती.

तर लिहा. लक्षणं काय दिसली, कोण काय म्हणालं, डेटा हाती लागला का, भांडावं लागलं का. कंपनीचं किंवा दुकानाचं नाव नको. नाव आलं की 'कुठली कंपनी भिकार' यावरच गाडी घसरते.

पुणे, अक्षरजुळणीचं काम

गणपतीच्या आधीचे दिवस म्हणजे आमच्याकडे दिवाळी अंकांची झुंबड. त्यासाठीच नवा लॅपटॉप घेतला होता, १ टीबीची फिरती डिस्क (आत तबकडी फिरते ती) असलेला. थोड्याच दिवसांत पानं उघडायला वेळ लागू लागला, मग मधूनच टक्-टक् असा आवाज. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम टाकून पाहिलं तर पिवळ्या रंगात 'कॉशन' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'चा आकडा दर खेपेला वाढलेला. डिस्कला जे तुकडे वाचता येत नाहीत, पण जे तिने अजून बादही केलेले नाहीत, त्यांचा हा आकडा.

हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधली डिस्क-तपासणी, चालवा. मी नाही चालवलं. ते डिस्कवर दुरुस्त्या लिहीत बसतं, आणि मरणाऱ्या डिस्कवर मला काहीच लिहायचं नव्हतं. हातातल्या अंकाचं फोल्डर आधी बाहेर काढलं, फॉन्ट नंतर. फॉन्ट पुन्हा मिळतात. कथा विभाग आला, कवितांची सजवलेली पानं गेली. लेखकांच्या मूळ फाइली ईमेलमध्ये होत्याच, पण मुद्रितशोधनानंतरच्या दुरुस्त्या कुठून आणणार? आमचे मुद्रितशोधक काका अजून कागदावर लाल पेनानेच प्रुफं तपासतात. त्यांच्या त्या गठ्ठ्यावरून पानं पुन्हा लावली. ऑफिसात सगळे त्यांना 'पीडीएफवर तपासा हो आता' म्हणून टोमणे मारायचे. यंदा कुणी ब्र काढला नाही.

नागपूर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

माझी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवाली डिस्क. आवाज नाही, मंदावणं नाही, काही नाही. रात्री झाकण बंद केलं, सकाळी बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्क दिसेना. प्रोजेक्टचा कोड गिटहबवर, म्हणजे ऑनलाइन साठवलेला होता म्हणून वाचलो, नोट्स गेल्या. इंजिनिअर घरी आला, नवी बसवली आणि जुनी घेऊन गेला. ती आपल्याकडे ठेवता येते का?

कोल्हापूर, दुरुस्तीचं दुकान

नागपूरच्या दादांना सांगतो. वॉरंटीत पार्ट बदलला की जुना पार्ट बहुतेक कंपनीचा होतो. काही कंपन्या जास्तीचे पैसे घेऊन डिस्क गिऱ्हाइकाकडे ठेवायची सोय देतात, पण ती आधी घ्यायला लागते. डेटा पायजे असेल तर कॉल टाकायच्या आधी ठरवा. आधी डेटा, मग वॉरंटी.

फिरती डिस्क टक्-टक् करत असेल तर चालू-बंद करून बघू नका. हेड, म्हणजे डेटा वाचणारं टोक, तबकडीवर काही नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगत असतं. ते एकदा टेकायला लागलं की दर वेळी नवा ओरखडा. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला देणारे अजून भेटतात बघा, त्यांच्या नादाला लागू नका, आत दव धरतं. आवाज नसेल, नुसतं वाचायला अडत असेल, तर डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने आधी पूर्ण डिस्कची प्रत काढायची. ते चांगला भाग पहिल्यांदा उचलतं, अडलेल्या जागा मागाहून बघतं. मग जे खटाटोप करायचे ते प्रतीवर करायचे.

एसएसडीचं आमच्यासारख्याच्या हाताबाहेर असतं. काही पातळ मॉडेलांत तर ती बोर्डवरच डाख देऊन पक्की केलेली असते, काढायची कुठून? आणि एक करा, बदलून आलेल्या डिस्कचे 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे ती आजवर किती तास चालली ते, बघा. वॉरंटीत नूतनीकरण केलेला पार्ट द्यायची मुभा बऱ्याच कंपन्यांनी अटींत ठेवलेली असते.

ठाणे

आमच्याकडे डिस्क गेली असं सगळे म्हणत होते. वॉरंटीत मदरबोर्ड बदलला आणि लॅपटॉप निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी 'की' (कुलूप उघडायचा आकडा) मागायला लागला. आजकाल अनेक नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज आपणहून डिस्क कूटबद्ध करतं, म्हणजे कुलूपबंद करतं, आणि तिची 'की' मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवतं, हे तेव्हा कळलं. डिस्क ठणठणीत होती! पण खातं कुणाचं? घेताना दुकानातल्या पोऱ्याने 'मी सेटअप करून देतो ना ताई' म्हणत स्वतःच्याच ईमेलने उघडलं होतं. तो नोकरी सोडून गावाला गेलेला. दुकानदाराने फोन लावून दिला, त्याने एकेक आकडा वाचून दाखवला, मी लिहून घेतला. आता खातं माझं आहे.

लंडन

इथे दुकानदार 'कंपनीशी बोला' म्हणून टोलवत होता. पण २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार जबाबदारी विकणाऱ्याची. पहिल्या ३० दिवसांत सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर, वस्तू हाती आल्यापासून सहा महिन्यांपर्यंत दोष मुळातच होता असं धरलं जातं, नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं. कायद्याचं नाव घेतल्यावर मॅनेजर आला आणि पैसे परत मिळाले.

धागाकर्ता

असं काही आपल्याकडे?

नाशिक, वकील

३० दिवसांत परत, असा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. वॉरंटीच्या अटी पाहाव्या लागतात, आणि त्या बहुधा 'दुरुस्ती किंवा बदल' एवढंच देतात. पण दुरुस्ती करूनही वस्तू पुन्हापुन्हा बिघडत असेल, किंवा सेवेत टाळाटाळ होत असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. हा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं, विकणारा बंगळुरूत का असेना. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कधी कधी तेवढ्यावरच काम होतं.

गेलेल्या डेटाची भरपाई मात्र अवघड. कंपन्या अटींमध्ये ती आधीच झटकतात. माझ्याकडे येणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीनंतर इंजिनिअर सही घेतो त्या कागदावर, अडतं. बिघाड हार्डवेअरचा आणि शीटवर लिहिलेलं भलतंच.

नागपूर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

वकीलसाहेब, माझी शीट आत्ता काढून बघितली. 'ओएस रीइन्स्टॉल' लिहिलंय. डिस्क बदलल्याचा उल्लेखच नाही! सही झालीय माझी.

नाशिक, वकील

सही झाली म्हणून सगळं संपलं असं नाही. आजच ईमेल टाका : अमुक तारखेला डिस्क बदलली, जुन्या आणि नव्या डिस्कचे सिरियल नंबर नोंदवून सुधारित शीट द्या. नव्या डिस्कचा नंबर विंडोजमध्ये दिसेल, त्याचा स्क्रीनशॉट जोडा. इंजिनिअर आल्याचा एसएमएस असेल तर तोही. उत्तर आलं नाही तर आठवड्याने त्याच ईमेलच्या साखळीत स्मरणपत्र पाठवा, नवा ईमेल सुरू करू नका.