मदत हवी आहे: मुलांच्या ग्रुपसाठी आणि एका सोलोसाठी नोटेशन कुठलं मागवू?

रेवाचीआई
नमस्कार मंडळी, घाई आहे म्हणून थेट विचारते. आमच्या सोसायटीत मुलांचा वेस्टर्नचा ग्रुप आहे, गणपतीतल्या कार्यक्रमात दोन पीसेस वाजवायचेत, एक सगळ्यांनी मिळून आणि एक माझ्या मुलीचा सोलो, त्यात बाकीचे मागे साथ देणार. सर महिनाभर परगावी आहेत, ते एवढंच म्हणाले की पाखेलबेलचा कॅनन आणि विवाल्डीचा ए मायनर (व्हायोलिन कॉन्चेर्टो) घ्या आणि नोटेशन मागवून ठेवा. ऑनलाइन बघायला गेले तर एकाच पीसच्या ढीगभर आवृत्त्या, काही दोनशे रुपयांना, काही तीन हजारांना आणि काही चक्क फुकट. वरून बघितलं तर सगळ्या सारख्याच दिसतात. नेमकी कुठली घ्यायची तेवढं नाव सांगा प्लीज, आज रात्रीच ऑर्डर टाकायची आहे.

चेलोवाला_ठाणे
ताई, ऑर्डर टाकू नका अजून. वाद्यं कुठली, प्रत्येकी किती, आणि ग्रुपमधलं सगळ्यात नवखं मूल काय वाजवू शकतं हे कळल्याशिवाय कोणीही नाव सांगितलं तरी ते अंदाजपंचे असेल.

रेवाचीआई
वाद्यं नेहमीचीच हो, व्हायोलिन, कीबोर्ड वगैरे. सगळे परीक्षा देतात त्यामुळे लेव्हल बरी आहे.

निषाद
त्या 'वगैरे'मध्ये काय काय आहे तेच तर विचारतायत ते. आणि परीक्षा कुठल्या बोर्डाची, कितवी ग्रेड?

फुकटातलं_सोनं
एवढं डोकं कशाला लावताय, आयएमएसएलपी या फुकट नोटेशनच्या साइटवर जा, दोन्ही पीसेस आहेत. पाखेलबेल 1706 मध्ये गेला, विवाल्डी 1741 मध्ये, आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो. डाउनलोड करा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढा, काम झालं. मी आजवर एकही पुस्तक विकत घेतलेलं नाही आणि दर रविवारी चौघं जमून क्वार्टेट वाजवतो.

निळं_कव्हर
हा सल्ला सरसकट देऊ नका हो. तिथल्या बऱ्याचशा आवृत्त्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आहेत, त्यात संपादकाने स्वतःच्या मनाचे स्लर (स्वर जोडायच्या खुणा), स्वतःचं बोइंग (बो वर की खाली), स्वतःचे फोर्टे-पियानो (जोरात-हळू) घातलेले असतात आणि मूळचं काय आणि त्याचं काय हे पानावर वेगळं दाखवलेलं नसतं. मोठ्या माणसाला ते गाळून वाचता येतं, मूल जे छापलंय तेच पाठ करतं आणि मग दोन वर्षं ते सुटत नाही. हेन्ले किंवा बेरेनरायटर या जर्मन प्रकाशकांची अर्टेक्स्ट, म्हणजे मूळ हस्तलिखितं-छापील प्रतींशी ताडून केलेली आवृत्ती घ्या, एकदाच पैसे जातात. हेन्लेच्या व्हायोलिन सोनाटांमध्ये तर व्हायोलिनचे दोन पार्ट (वाजवणाऱ्याची पानं) येतात, एक फिंगरिंग-बोइंग घातलेला आणि एक अगदी कोरा, म्हणजे शिक्षकाला आपलं बोइंग लिहिता येतं.

फुकटातलं_सोनं
सोसायटीच्या गणपतीत वाजवायला तीन हजारांचं पुस्तक??

निळं_कव्हर
गणपतीत वाजवायचंय म्हणून चुकीचं शिकवायचं का?

रेवाचीआई
प्लीज भांडू नका. पूर्ण माहिती देते: व्हायोलिन सहा, चेलो एक, कीबोर्ड एक, क्लॅरिनेट एक. व्हायोलिनवाल्यांपैकी दोघी एबीआरएसएम (ब्रिटिश संगीत परीक्षा बोर्ड) ग्रेड 5, दोघं ग्रेड 3, आणि दोघं या वर्षीच सुरू केलेले. चेलो ग्रेड 2. क्लॅरिनेटचा मुलगा वर्षभर शिकतोय, त्याला गेल्या आठवड्यात व्हायोलिनचंच पान दिलं होतं, तो म्हणतो बरोबर वाजवतोय पण सगळ्यांबरोबर बेसूर लागतंय, बिचारा रडकुंडीला आला. कार्यक्रमाला सहा आठवडे आहेत.

चेलोवाला_ठाणे
आता बोलता येईल. आधी त्या क्लॅरिनेटच्या मुलाला सांगा की तुझं काहीही चुकलेलं नाही. त्याचं क्लॅरिनेट बी फ्लॅटचं असणार, म्हणजे पानावर सी लिहिलेला असताना त्याने अगदी बरोबर सी वाजवला तरी कानाला बी फ्लॅट ऐकू येतो, एक पूर्ण सूर खाली. त्यामुळे व्हायोलिनचं पान त्याला कधीच चालणार नाही, त्याच्यासाठी वेगळा पार्ट छापलेला लागतो.

आता कॅनन. तो मूळ डी मेजर या पट्टीत आहे, क्लॅरिनेटवाल्याला तो ई मेजरमध्ये लिहावा लागतो, चार शार्प, म्हणजे चार स्वर अर्धा सूर चढे. वर्षभर शिकलेल्या मुलाला चार शार्प म्हणजे बोटांची कसरत. दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे आणि आवृत्ती निवडताना लोक हमखास विसरतात: मूळ कॅनन तीन व्हायोलिन आणि खाली बास असा आहे, आणि तिन्ही व्हायोलिन अक्षरशः तेच वाजवतात, फक्त दोन-दोन बार (नोटेशनमधले ठरावीक मात्रांचे कप्पे) मागून सुरू करतात. म्हणजे त्यात सोपा पार्ट असा नाहीच! पहिलीला जे भरभर स्वर येतात तेच थोड्या वेळाने तिसरीलाही येतात. या वर्षी सुरू केलेल्या दोघांना तुम्ही कुठे बसवणार? उलट चेलोला तेच आठ स्वर 28 वेळा, ग्रेड 2 वाल्याला छान जमेल पण मोजणं चुकलं की सगळं कोसळतं.

त्यामुळे कॅनन घ्यायचाच तर मूळ आवृत्ती घेऊच नका, ना फुकटची ना हेन्लेसारखी निळ्या कव्हरची. मिश्र लेव्हलसाठी केलेलं अरेंजमेंट घ्या, ज्यात वरचा पार्ट अवघड, मधला मध्यम आणि खालचा फक्त लांब स्वरांचा असतो. 'फ्लेक्सिबल' लिहिलेली अरेंजमेंट्स असतात, त्यात चार-पाच ओळी आणि प्रत्येक ओळ सी, बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा सगळ्या वाद्यांसाठी वेगवेगळी छापलेली. ती शोधा, आणि जमलं तर जी किंवा एफ मेजरमधली घ्या. जी असेल तर क्लॅरिनेटला तीन शार्प, एफ असेल तर एकच, पण एफ व्हायोलिनच्या नवख्यांना जरा त्रासाचा. माझं मत जी.

निळं_कव्हर
हे पटलं. मी सोलोबद्दल बोलत होतो, ग्रुपला अर्टेक्स्टची गरज नाही.

बंदिश_काका
अहो मॅडम, ही परदेशी पानं मागवण्यापेक्षा मुलांना सारेगममध्ये लिहून द्या. भातखंड्यांच्या पद्धतीत सगळं बसतं, मी हार्मोनियमवर चाळीस वर्षं शिकवतोय, वहीत हाताने लिहून देतो, एक पैसा खर्च नाही. आणि गणपतीत आरतीच घ्या ना, चाल सगळ्यांना पाठ, नोटेशनचा प्रश्नच मिटला.

निषाद
काका, एकच चाल सगळ्यांनी वाजवायची असेल तर तुमचं बरोबर आहे. इथे एकाच वेळी चार वेगळ्या ओळी चालणार, कोणी किती मात्रा गप्प बसायचं, बो वर की खाली, हे सगळं पानावर दिसावं लागतं. शिवाय क्लॅरिनेटचा सा कुठला धरायचा हा प्रश्न परत आहेच.

बंदिश_काका
सा पाहिजे तिथे धरता येतो, हीच तर आपल्या पद्धतीची ताकद आहे. पण चार ओळींचं म्हणताय ते खरं, त्यासाठी तुमची पद्धत सोयीची. आरतीचं मात्र मनावर घ्या.

मडगावकर
हा धागा वाचून बरं वाटलं. गोव्यात पॅरिश स्कूलमध्ये मुलांना आधी सोल्फेज (नोटेशन बघून स्वर गाणं) शिकवायचे, मगच हातात व्हायोलिन. तिथून तयार झालेली माणसं मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला कागदावरचं संगीत त्यांनीच उभं केलं. सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशनकडे अरेंजर होते, अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. अरेंजर समोर कोण बसलंय ते ओळखून पार्ट लिहायचे, ज्याचा हात चांगला त्याला अवघड ओळ. चेलोवाला सांगतायत ते तेच आहे. छापील सेट घेतला तरी मुलांची नावं डोळ्यांसमोर ठेवून कोणाला कुठला पार्ट ते आधी कागदावर मांडा, मग खरेदी.

रेवाचीआई
खूप छान माहिती, पण माझा सोलोचा प्रश्न राहिलाच की. विवाल्डीचं कुठलं? ती सुझुकी पद्धतीच्या व्हायोलिन पुस्तकमालेतल्या चौथ्या पुस्तकातून शिकलीय, पाठ आहे तिला. ग्रुपसाठी साथीचा सेट मला एका साइटवर दिसलाय, कार्टमध्ये टाकून ठेवलाय.

व्हायोलिन_मावशी_डोंबिवली
काढा तो कार्टमधून! मी वीस वर्षं मुलं शिकवतेय, हा घोळ दर थोड्या दिवसांनी कोणाकडे तरी होतोच. सुझुकीतला ए मायनर तिवादार नाचेझ या हंगेरियन व्हायोलिनवादकाच्या आवृत्तीवरून घेतलाय, आणि त्याने विवाल्डीत स्वतःचे बरेच बदल केलेत. तुम्ही जो सेट बघताय तो बहुतेक मूळ 1711 मध्ये छापलेल्या आवृत्तीवर बेतलेला असणार. सोलो एका आवृत्तीतून आणि साथ दुसरीतून घेतली की बार जुळत नाहीत, ती एकीकडे आणि ग्रुप भलतीकडे, आणि चूक कोणाची तेही कोणाला कळत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या कार्यक्रमात रंगीत तालमीला हे लक्षात आलं होतं, ऐनवेळी साथ रद्द करावी लागली.

सहा आठवडे आहेत तर सरळ मार्ग सांगते. सुझुकीच्या त्याच चौथ्या भागाचं पियानो साथीचं वेगळं पुस्तक मिळतं, ते तिच्या पुस्तकाशी बारला बार जुळतं. कीबोर्डवाल्याला ते द्या, फक्त तो किती शिकलाय ते बघा, दोन्ही हातांनी वाजवावं लागतं. ग्रुपने कॅनन करावा, विवाल्डी मुलगी आणि कीबोर्ड दोघांनी.

निळं_कव्हर
किंवा तिला मूळ आवृत्तीतून पुन्हा शिकवा, बेरेनरायटर वगैरेंकडे सोलो आणि साथ एकाच आवृत्तीची मिळते. पुढे परीक्षेला उपयोग होईल.

व्हायोलिन_मावशी_डोंबिवली
सहा आठवड्यांत पाठ झालेलं विसरून नवीन पाठ करायचं? पुढच्या वर्षी करा म्हणावं. आणि परीक्षेचं म्हणाल तर एबीआरएसएममध्ये यादीतली आवृत्ती सुचवलेली असते, पीस 'अरेंज्ड' म्हणून दिलेला नसेल तर दुसरी आवृत्तीही चालते. फक्त परवानगीशिवाय काढलेल्या झेरॉक्सवरून वाजवायला मनाई आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

फुकटातलं_सोनं
झेरॉक्सचा विषय निघालाच आहे तर नऊ मुलांसाठी नऊ पुस्तकं घ्यायची का मग? कोणाला परवडेल?

चेलोवाला_ठाणे
नऊ पुस्तकं नाही घ्यावी लागत. ग्रुपचं नोटेशन 'सेट' म्हणून मिळतं, एक स्कोअर (सगळ्या ओळी एकत्र दाखवणारी प्रत) आणि सगळे पार्ट. अमेरिकन शाळांसाठी छापलेल्या सेटमध्ये साधारण आठ पहिली व्हायोलिन, आठ दुसरी, पाच व्हायोला, पाच चेलो, पाच बास एवढ्या प्रती असतात, आणि बऱ्याच सेटमध्ये 'व्हायोलिन 3' असा एक पार्ट असतो, तो खरं तर व्हायोलाचीच ओळ, व्हायोलिनवाल्याला वाचता येईल अशी ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलेली. तुमच्याकडे व्हायोला नाही त्यामुळे हे बघाच. पण त्या सेटमध्ये क्लॅरिनेट नसतं, म्हणून मी फ्लेक्सिबल म्हणतोय.

आणि हो, त्या सेटवर 'ग्रेड 2' लिहिलेलं दिसलं तर एबीआरएसएमची ग्रेड 2 समजू नका. ती ग्रुपची ग्रेड, बहुतेक एक ते सहा, सोलोची एक ते आठ, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तुमच्या ग्रुपला 1 किंवा दीडच्या वर जाऊ नका. ग्रेड 5 वाल्या दोघींना सोपं वाटेल, वाटू दे, त्यांना नवख्या दोघांच्या शेजारी बसवा.

टॅब_धारी
कागदच का? टॅबलेट घ्या, पान उलटायला पेडल मिळतं.

व्हायोलिन_मावशी_डोंबिवली
नऊ मुलांना नऊ टॅबलेट? मांडवात? कागदच बरा. फक्त एक करा, हेन्लेसारखी पुस्तकं 23.5 बाय 31 सेंमीची असतात, A4 पेक्षा मोठी, त्याची A4 वर कॉपी काढली की स्वर बारीक होतात आणि दोघांत एक स्टँड असेल तर मागून दिसत नाहीत. पीडीएफ विकत घेतली असेल तर परवानगी किती प्रतींची आहे ते बघून A3 वर आडवी प्रिंट काढा, मधून घडी घाला, दोन पानं शेजारी उघडी राहतात. आणि मांडवात पंखे असतात, कपड्यांचे चिमटे न्या, प्रत्येक स्टँडला दोन.

रेवाचीआई
सगळ्यांचे खूप आभार. सरांशी आत्ता फोनवर बोलले, त्यांनाही व्हायोलिन 3 आणि क्लॅरिनेटचा मुद्दा पटला. ठरलं ते असं: कॅननचं फ्लेक्सिबल अरेंजमेंट, जी मेजर, विवाल्डीला सुझुकीचं साथीचं पुस्तक. पण कीबोर्डवाल्याच्या आईचं म्हणणं त्याला डाव्या हाताने अजून कॉर्डच जमतात, पूर्ण साथ नाही जमणार. मग?

व्हायोलिन_मावशी_डोंबिवली
मग सरांना म्हणावं साथीच्या पुस्तकातला डाव्या हाताचा सगळ्यात खालचा स्वर चेलोला द्या, कीबोर्डला वर नुसते कॉर्ड. चेलो ग्रेड 2 आहे ना, तर जिथे धावतंय तिथे बारचा पहिला स्वरच ठेवा. हे हाताने एका पानात लिहून होतं. फक्त कॉन्चेर्टोच्या पहिल्याच मूव्हमेंटपुरतं करा, तिसरी मूव्हमेंट सोडून द्या.

मडगावकर
अगदी बरोबर. आणि लिहिताना दर आठ बारला आकडा घाला, तिन्ही पानांवर तोच. तालीम मध्येच थांबली की '24 पासून' एवढं म्हटलं की पुरतं.

रेवाचीआई
हे जमेल. पुस्तक मुंबईत लगेच मिळेल का? पोस्टाने यायला वेळ लागेल.

निषाद
धोबी तलावला फुर्टाडोज या संगीताच्या दुकानात आधी फोन करून विचारा, सुझुकीची पुस्तकं असतात त्यांच्याकडे. फोनवर 'व्हायोलिन भाग 4, पियानो अकम्पनिमेंट' असं स्पष्ट सांगा, नाहीतर व्हायोलिनचंच पुस्तक पुन्हा हातात देतील. फ्लेक्सिबल सेट मात्र बहुधा पीडीएफच घ्यावा लागेल.

सूरपेटी
धागा वाचतोय, मस्त चाललाय. माझा मुलगा बासरी वाजवतो, त्याला या कॅननमध्ये घेता येईल का? कुठला पार्ट द्यायचा?

चेलोवाला_ठाणे
बासरी म्हणजे बांबूची की वेस्टर्न फ्लूट? बांबूची असेल तर कुठल्या स्केलची?