बुटीबोरीत ॲक्टिव्ह फिल्टर? आधी कपॅसिटर बघा

जगभर ॲक्टिव्ह हार्मोनिक फिल्टरचा (करंटमधल्या जादा फ्रिक्वेन्सी, म्हणजे हार्मोनिक, काढणारं उपकरण) खप वाढतोय, मग नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या लहान युनिटनेही घ्यावा का, असा प्रश्न आहे. खप वाढणारच, मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, यूपीएस, चार्जर सगळीकडे झालेत. सहा-पल्स ड्राइव्ह (सहा डायोडच्या रेक्टिफायरचा) मुख्यतः ५वा आणि ७वा हार्मोनिक सोडतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या पाच आणि सात पट, २५० आणि ३५० हर्ट्झ. फिल्टर सीटीवरून (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) हा हार्मोनिक वाचून नेमका उलटा करंट सोडतो. पण पॅनेलमध्ये पॉवर फॅक्टरसाठीची साधी कपॅसिटर बँक असेल तर आधी तिच्याकडे बघा. हार्मोनिकशी तिचा रेझोनन्स झाला, म्हणजे तो करंट तिच्यामुळे आणखी वाढला, की कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात आणि शिव्या ड्राइव्हला बसतात! तेवढ्यापुरता ७ टक्क्यांचा डिट्यून्ड रिॲक्टर (कपॅसिटरसोबत जोडायची, रेझोनन्स टाळणारी कॉइल) पुरतो, तोही बऱ्याच स्वस्तात. कोटेशन मागवण्याआधी पूर्ण लोडवर हार्मोनिक मोजून घ्या. आणि विक्रेत्याला आपल्या मे महिन्यातलं पॅनेल रूमचं तापमान नक्की सांगा, डीरेटिंग (उष्णतेने घटणारी क्षमता) धरूनच फिल्टरचे अँपिअर ठरतात.