गाडीचा अलार्म आणि लॉक: चोर खरंच थांबतो का? तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात माझी दुचाकी बिल्डिंगखालून चोरीला गेली. हॅंडल लॉक होतं, अलार्मही होता आणि तो वाजला पण, मी स्वतः ऐकला आणि कूस बदलून झोपलो, कारण त्या आठवड्यात तो रोज रात्री वाजायचा, कधी मांजर सीटवर उडी मारायचं, कधी नुसता जड ट्रक गेला तरी. सकाळी खाली गेलो तर जागेवर फक्त ऑइलचा डाग. अजून ती जागा बघवत नाही. आता दुसरी घेतोय म्हणून विचारतोय, जे तुमच्या स्वतःच्या गाडीबरोबर झालंय तेच लिहा प्लीज.

————

वाईट वाटलं वाचून. अलार्मचं सेन्सर खूप नाजूक ठेवलेलं असतं बऱ्याचदा, मेकॅनिककडून कमी करून घ्या. आणि गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीकडे लक्ष ठेवा. मी तीन आठवडे बाहेर होते, परत आले तर अलार्मनेच बॅटरी उतरवलेली, म्हणजे ज्या दिवसांत तो हवा होता त्यातले कितीतरी दिवस तो मुका होता.

————

हॅंडल लॉकवर विसंबू नका हो. आत एवढीशी पिन असते, ती चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, खाचेत अडकते, बास. माझी गाडी चार गल्ल्या पलीकडे सापडली तेव्हा हॅंडल एका बाजूला जास्तच वळत होतं आणि ती पिन वाकून तुटलेली होती, म्हणजे नुसत्या जोराने तोडली, कुठलं हत्यार लागलं नसणार.

————

माझा अनुभव साखळीचा. पहिली साखळी पुढच्या चाकातून घालायचो, उरलेली जमिनीवर लोळत असायची. ती कापली. एका जुन्या कुलूपवाल्या काकांनी समजावलं, साखळी जमिनीला टेकली की कटरचा एक दांडा खाली टेकवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार देता येतो. तेव्हापासून १६ मिमीची कडक स्टीलची साखळी, मागच्या चाकातून आणि चेसीतून, खांबाला, शक्य तेवढी उंच आणि ताणून. गेल्या पावसाळ्यात एका कडीवर कटरच्या दातांच्या दोन खुणा दिसल्या, खोल नव्हत्या, नखाने चाचपडल्यावर कळायच्या. गाडी मात्र जागेवर. ग्राइंडर आणला असता तर तीही कापली गेली असती हे मला माहितीये, पण ग्राइंडरला आवाज आहे, ठिणग्या आहेत.
आणि खांबाला बांधा म्हणतो ते यासाठी की नुसतं चाक जाम केलं तर दोघंतिघं गाडी उचलून टेम्पोत टाकतात.

————

डिस्क लॉकवाल्यांनो, म्हणजे चाकाच्या ब्रेकच्या चकतीला कुलूप लावणाऱ्यांनो, लॉक लावलंय हे आठवायला हॅंडलपर्यंत येणारी ती रंगीत दोरी लावाच. मी घाईत लॉक न काढता गाडी काढली, चाकाचा अर्धा फेराही झाला नाही, लॉक कॅलिपरवर (चकतीला धरणारा ब्रेकचा भाग) आदळलं, मी खाली. मनगटात प्लेट आहे अजून.

————

माझी जुनी कार्ब्युरेटरची गाडी, वडिलांच्या सवयीने मीही उभी करताना पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, बंद करतो. एकदा चोरांनी वायर जोडून चालू केली, कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत गेले आणि गाडी बंद पडली. पुढच्याच वळणावर आडवी पडलेली मिळाली. आरसा फुटला होता तेवढाच. इंजेक्शनच्या गाड्यांना बहुतेक तो कॉक नसतो, त्यांनी मेकॅनिककडून इंजिन बंद ठेवणारं, लपवलेलं कट ऑफ स्विच बसवून घ्यावं, तसं काम तेच करतं.

————

मी दोन लावते, मागे साखळी आणि पुढे अलार्मवालं डिस्क लॉक, दोन्हीला वेगवेगळं हत्यार लागतं म्हणून. काढायला दोन मिनिटं जातात, रोज कंटाळा येतो तरी लावते. मागच्या वर्षी एका रात्री आमच्या पार्किंगमधून गाडी गेली, माझ्या शेजारची. नुसतं हॅंडल लॉक होतं तिला. सकाळी ते काका रिकाम्या जागेजवळ उभे होते, हातात किल्ली, आणि मला त्यांच्यासमोर माझी साखळी सोडवायला खूप जड गेलं. त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी जाऊन त्यांच्यासाठी तशीच साखळी आणली, आता नव्या गाडीला लावतात.