मदत हवी आहे: ७८ सालची पद्मिनी 'टोटल लॉस', विमा कंपनी आरसी मागतेय

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता येणार नाही.

आमच्याकडे १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आहे म्हणू की होती, घोडं इथेच अडलंय. बाबांनी कोरी घेतलेली. गिअर स्टिअरिंगला, रंग दोनदा नव्याने दिला पण शेड तीच. बाबांच्या मागे आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद) माझ्या नावावर झाली. दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग, हरित कर, सगळं वेळेवर. (फोटो पाहून 'डुक्कर फियाट' म्हणणाऱ्यांसाठी: ती हिच्या आधीची, पुढची दारं उलटी उघडणारी.)

गेल्या महिन्यात वाईहून पुण्याला परत येत होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळच्या अलीकडे पुढचा ट्रॅफिक थांबला म्हणून मी थांबलो. मागचा विटांचा टेम्पो थांबला नाही. आम्हा दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण डिकी मागच्या सीटला येऊन टेकली. या गाडीला वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस. त्यामुळे मागून बसलेला मार छतापर्यंत गेलाय, डावं मागचं दार उघडत नाही. पोलिसांत नोंद आहे, पंचनामा झालाय, टेम्पोच्या विम्याची प्रत माझ्याकडे आहे.

आता माझी चूक. पॉलिसी फुल इन्शुरन्सची आहे, पण आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) फक्त ६०,०००. एजंट दरवर्षी म्हणायचा, "काका, एवढ्या जुन्या गाडीला कशाला जास्त हप्ता भरता?" आणि मी मान डोलवायचो. दिवाळीत एक जण दारात येऊन साडेतीन लाख देत होता, त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. तेव्हाही पॉलिसी काढून बघावी असं डोक्यात आलं नाही.

गॅरेजचं एस्टिमेट १,८५,००० आलं. नुकसान बघायला आलेले विम्याचे सर्व्हेअर म्हणाले, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस (गाडी पूर्ण गेली असं धरतात), म्हणजे तुमच्या बाबतीत ४५,००० च्या वर. कंपनीने दोन पर्याय फोनवर सांगितले. एक, गाडी आणि आरसी त्यांना द्यायची, आरसी रद्द होणार, मला ५९,००० (हजार रुपये सक्तीची वजावट). दोन, मोडकी गाडी मी ठेवायची, सॅल्व्हेजचे (मोडक्या गाडीच्या भंगार किमतीचे) २२,००० वजा करून ३७,०००. पण त्यातही "आरसी कॅन्सल करूनच आणा" असं म्हणतात.

आरसी गेली तर ती गाडी अंगणातला पुतळाच. मला पैशांपेक्षा गाडी आणि तिचे कागद हवेत. गॅरेजवाल्याने कालपासून पार्किंगचे रोजचे पैसे लावायला सुरुवात केलीय आणि कंपनीकडून 'फुल अँड फायनल'चा (सगळी भरपाई मिळाली, आता मागणं नाही असा) कागद सहीसाठी आलाय. सही करू का? ६०,००० च्या वर काही मिळण्याची सोय आहे का? आणि व्हिंटेजमध्ये नोंदवून काही फायदा होईल का?

प्रतिसाद १

बरीच वर्षं सर्व्हेअर म्हणून काम केलंय, म्हणून स्पष्टच लिहितो. आयडीव्हीवर भांडू नका. पाच वर्षांच्या वरच्या गाडीला घसाऱ्याचा तक्ता नसतो, किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची असते. ती तुम्ही ठरवली, हप्ता त्यावर भरला. विमा लोकपालही (विम्याच्या तक्रारी सोडवणारा) तुम्हाला साडेतीन लाख देणार नाही.

भांडायचं ते सॅल्व्हेज आणि आरसीवर. २२,००० कुठून आले? बोली लावणाऱ्याचं कोटेशन लेखी मागा. तुम्हीही दोन भंगारवाल्यांचे दर लेखी आणा, आकडा खाली येतो. सर्व्हे रिपोर्टची प्रतही मागा. आरसीबद्दल: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत कळवायचं असतं. तुमची गाडी महाग पडते म्हणून टोटल लॉस आहे, निकामी नाही. 'नेट ऑफ सॅल्व्हेज, आरसीसह' (भंगार किंमत वजा करून पैसे, गाडी आणि आरसी तुमच्याकडेच) असा सेटलमेंट होतो. तसं ईमेलने मागा. फोनवर काहीही कबूल करू नका.

नाही ऐकलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.

प्रतिसाद २

सगळे तुमच्याच पॉलिसीकडे बघताहेत. धडक टेम्पोने दिली ना? मग त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून मालमत्तेचं नुकसान मागता येतं, त्याची मर्यादा साडेसात लाख असते आणि तिथे तुमचा आयडीव्ही आडवा येत नाही. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात. तुम्ही पुण्यात राहता तर पुण्यातच करता येतो, साताऱ्याला खेटे नकोत. मुदत अपघातापासून सहा महिने, ती चुकवू नका.

म्हणूनच तो 'फुल अँड फायनल' तसाच सही करून देऊ नका. तुमच्या कंपनीकडून मिळालेले पैसे टेम्पोवाल्याकडून पुन्हा मिळणार नाहीत, मागायचा तो वरचा फरक. समोरचा वकील पहिला तोच कागद दाखवेल. 'उर्वरित नुकसान तिसऱ्या पक्षाकडून वसूल करण्याचा हक्क राखून' असं लिहूनच सही करा आणि त्याआधी मोटार अपघाताची कामं करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. एस्टिमेट, फोटो, त्या साडेतीन लाखवाल्याचा मेसेज असेल तर तोही जपून ठेवा.

प्रतिसाद ३

व्हिंटेजचं विसरा. त्या नोंदणीला गाडी पन्नास वर्षांवरची लागते आणि नंतर ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती असल्या कामांनाच रस्त्यावर काढता येते. वाईला पिठलं-भाकरी खायला जाता येणार नाही. ठरीव किमतीची पॉलिसी (गाडी गेली तर आधी ठरलेली रक्कम देणारी) जुन्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या जुन्या नियम-दरपत्रकात, फक्त १९४० पर्यंतच्या गाड्यांना होती. पुढच्या वेळी व्हॅल्युएशन करून घ्या आणि आयडीव्ही वाढवून मागा. आणि आजच गाडी टोचन करून घरी आणा, पार्किंगचं मीटर कशाला चालू ठेवता?

मूळ लेखक

सगळ्यांचे आभार. गाडी काल संध्याकाळी घरी आली, ताडपत्रीखाली आहे. ईमेल पाठवला. आज कंपनीतून फोन आला, सॅल्व्हेज १४,००० धरू म्हणाले. म्हणजे माझ्या हातात ४५,०००. आरसीबद्दल "वर विचारून सांगतो". मी म्हटलं, लेखी सांगा. वकिलाची वेळ शनिवारची मिळालीय.

प्रतिसाद २, साडेतीन लाखवाल्याचा मेसेज सापडला. तो परत विचारतोय, "आता किती?" उत्तर दिलेलं नाही.

एक शेवटचं. गॅरेजवाला मागचे पॅनल कापून नवीन पत्रा घालू म्हणतो. मला जुन्या गाडीचे मूळ पॅनल हवेत. कुर्ल्याच्या बाजारात किंवा कोल्हापूरकडे कुणाकडे पद्मिनीची डिकी आणि डाव्या टेललाइटची काच असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काच तडकलेली नको.