स्वस्तातले पिस्तूल घ्यावे की थोडे थांबावे?

धागाकर्ता : परवान्याचे सोपस्कार पूर्ण करून मी आता पहिले पिस्तूल निवडण्याच्या टप्प्यावर आहे. उपयोग मुख्यतः नेमबाजीच्या सरावासाठी होईल, वेळप्रसंगी स्वसंरक्षणासाठी. हाय-पॉइंट कंपनीचे ९ मिलिमीटरचे स्वस्त सी-९ आणि ग्लॉक कंपनीचे महागडे ग्लॉक १९ यांच्या किमतींत इतके अंतर आहे की तेवढ्या पैशांत सरावाची कितीतरी काडतुसे येतील. स्वस्त पिस्तूल म्हणजे वाया घालवलेला पैसा, असे सरसकट म्हणता येईल का?

प्रतिसाद १ : सरसकट नाही, पण तुमच्यासाठी माझे उत्तर नकाराचेच आहे. ग्लॉकसारख्या पिस्तुलात गोळी सुटण्याच्या क्षणी नळी आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) एकमेकींत अडकलेल्या असतात आणि दाब उतरल्यावरच त्या सुटतात. सी-९ मध्ये अशी कुलुपबंद रचनाच नाही, तेथे केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग यांच्या जोरावर नळीचे मागचे तोंड क्षणभर बंद राहते. शिवाय ती स्लाइड पोलादाची नसून जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची आहे, त्यामुळे ती जाड आणि बोजड ठेवावी लागते. परिणामी रिकामे सी-९ सुमारे ८०० ग्रॅम भरते. त्यात ८ काडतुसे मावतात. ग्लॉक १९ सुमारे ६०० ग्रॅमचे असून त्यात १५ मावतात. साफसफाईसाठी सी-९ उघडायचे तर पिन ठोकून बाहेर काढावी लागते. ज्याची सफाई कटकटीची, त्याची सफाई होत नाही, हा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद २ : वरील माहिती बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. वजन जास्त असले की कमरेला ओझे होते हे खरे. सरावाच्या मैदानावर मात्र तेच वजन धक्का पचवते. हाय-पॉइंट आपल्या पिस्तुलांना आयुष्यभराची हमी देते, आणि पिस्तूल दुसऱ्याच्या हाती गेले तरी ती लागू राहते, हेही सांगायला हवे होते.

माझ्याकडेही एक स्वस्त पिस्तूल आहे, कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही. सुरुवातीला दर दोन मॅगझिनमागे (मॅगझिन म्हणजे काडतुसे भरायची पेटी) एकदा तरी रिकामी पुंगळी स्लाइडच्या फटीत उभी अडकून राहायची किंवा पुढचे काडतूस नाक खाली घालून रुतायचे. दोष पिस्तुलाचा समजून मी ते विकायला निघालो होतो. एका जुन्या नेमबाजाने माझे मॅगझिन उजेडात धरले आणि वरच्या दोन पत्र्याच्या ओठांपैकी एक किंचित फाकलेला दाखवला. मॅगझिन बदलले, हाताची पकड घट्ट केली, आणि त्यानंतर अडकणे जवळजवळ थांबले. महागडे पिस्तूल घेऊन वर्षातून दोनदा मैदानावर जाणाऱ्यापेक्षा स्वस्त पिस्तुलाने नियमित सराव करणारा मला अधिक भरवशाचा वाटतो.

प्रतिसाद ३ : आपण दोघेही ‘चालते का’ एवढेच मोजत आहात. नको तेव्हा चालत नाही ना, हे आधी पाहावे. ब्रायको ३८ या स्वस्त पिस्तुलात काडतूस बाहेर काढायचे तर सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ, आधी उघडावी लागे. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात एक जण ते रिकामे करत असताना गोळी सुटली आणि ७ वर्षांचा मुलगा कायमचा लुळा झाला. २००३ मध्ये ज्यूरीने निर्मात्यालाही अंशतः जबाबदार धरले आणि कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हातातून पडल्यावर सुटणार नाही अशी अंतर्गत योजना, सेफ्टी लावलेली असतानाही रिकामे करता येण्याची सोय, आणि घट्ट, नेमका चाप, या तीन गोष्टींत तडजोड करून वाचवलेला पैसा मला तरी पटत नाही.

प्रतिसाद २ : तो दोष किमतीचा नव्हे, आराखड्याचा होता, सर्वच स्वस्त पिस्तुलांवर तो लादणे अन्यायाचे आहे. शिवाय चापावर बोट असणे आणि नळीचे तोंड माणसाकडे असणे, या दोन चुका कितीही किमतीच्या पिस्तुलाने भरून निघत नाहीत.

प्रतिसाद ३ : चुका माणसाकडून होतात, म्हणूनच त्या झाल्या तरी निभावेल असे पिस्तूल घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद १ : एक मधला मार्ग सुचवतो. पोलीस दलांनी बदलून टाकलेली चांगल्या बनावटीची पिस्तुले काही ठिकाणी वापरलेल्या मालात मिळतात. बाहेरचा रंग म्यानात घासून उडालेला असतो, पण आतून ती फारशी झिजलेली नसतात. नळी उजेडात धरून आतले पेच (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) स्पष्ट दिसतात का ते पाहा, आणि रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी स्प्रिंग, नवी घाला.

धागाकर्ता : सर्वांचे आभार. सी-९ चा विचार सध्या बाजूला ठेवला आहे. वापरलेले ग्लॉक पाहायला जाईन, आणि तेही प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय घेणार नाही. उरलेल्या पैशांत दोन चांगली मॅगझिन आणि घरासाठी लोखंडी कुलूपपेटी घ्यायची आहे. तिचा उल्लेख मात्र इथे कोणीच केला नाही.