डोस वाढवण्याआधी

वर सिडकोतल्या ताईंनी लिहिलंय की इन्सुलिन दोनदा वाढवूनही बोक्याची साखर दवाखान्यात 400 च्या खाली येतच नाही. ताई, त्या आकड्यावर फार जाऊ नका. पिंजऱ्यात कोंबून, रिक्षातून द्वारका चौकातले हॉर्न ऐकत आलेल्या मांजराची साखर नुसत्या धसक्यानेच चढते. घरी ग्लुकोमीटरवर मोजा. कानाला कोमट ओला कापूस धरायचा, कडेची शीर आणि कानाची किनार यांच्या मधोमध टोचायचं. रक्ताचा एक थेंब पुरतो. आमची मनी तर नंतर चिकन मिळतं म्हणून स्वतःच येऊन बसते, लबाड! सकाळच्या इंजेक्शनपासून दर दोन तासांनी, बारा तासांचे आकडे डॉक्टरांना दाखवा.

सिरिंजही तपासा. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलीत 40 युनिटचंही मिळतं आणि 100 चंही, आणि मेडिकलवाला हाताला येईल ती सिरिंज देतो. ज्याची त्यालाच हवी, नाहीतर डोसचा सगळा हिशेबच चुकतो.

घरीही आकडे चढेच असतील तर दात, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज बघायला सांगा. खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा. आणि साखर आटोक्यात नसताना बोक्याचं वजन वाढतंय का? मग ॲक्रोमेगालीची (वाढीचं हार्मोन जास्त पाझरण्याच्या आजाराची) शंका घ्यायची, त्यासाठी आयजीएफ-1 ही रक्तचाचणी असते. डोस मात्र मनाने वाढवू नका. साखर फार उतरून बोका लटपटायला लागला तर हिरड्यांना मध चोळून तडक दवाखाना गाठा.