जिल्ह्याला एकच रंग देऊन कोकणातली विषमता दिसते का?

धागाकर्ता
राज्याच्या आर्थिक पाहणीतलं जिल्हानिहाय दरडोई उत्पन्न आलं की त्याचे रंगीत नकाशे फिरू लागतात. गडद म्हणजे सधन, फिकट म्हणजे गरीब. कोकणापुरता तरी हा नकाशा दिशाभूल करतो, असं माझं ठाम मत आहे. पालघरच घ्या. वसई-विरार आणि तारापूरची एमआयडीसी याच जिल्ह्यात, आणि पोटासाठी वीटभट्टीवर जाणारी जव्हार-मोखाड्याची कुटुंबंही याच जिल्ह्यात. सगळ्यांची मिळून एक सरासरी, तिचा एक रंग!

त्यापेक्षा तालुकावार लॉरेन्झ वक्र छापा. १९०५ साली मॅक्स लॉरेन्झने मांडलेली साधी आकृती आहे. आडव्या अक्षावर सर्वांत गरिबापासून पुढे लोकसंख्येचे टक्के, उभ्यावर त्यांच्या वाट्याला आलेलं उत्पन्न. सगळ्यांना सारखं मिळालं तर तिरकी सरळ रेघ येते. रेघ जितकी खाली झुकेल तितकी विषमता जास्त.

खाडीकाठ
साफ असहमत. वक्राला गाव नसतं. टँकर कुठल्या वाडीत पाठवायचा हे त्यावरून कसं कळणार? शिवाय दोन वेगळ्या आकारांच्या वक्रांचा गिनी गुणांक, म्हणजे विषमता एका आकड्यात सांगणारं माप, सारखाच येऊ शकतो. दोष जिल्ह्याच्या सरासरीचा आहे, नकाशाला कशाला नावं ठेवता? चार्ल्स बूथने १८८९ मध्ये लंडनची गरिबी गल्लीगल्लीनिशी रंगवून दाखवली. आपणही वाडीवार रंगवू.

आकडेमोड
दोघंही आधी आकडा बघा. जिल्हा उत्पन्न म्हणजे त्या जिल्ह्यात निर्माण झालेलं उत्पन्न. जयगडच्या वीज प्रकल्पाचं उत्पादन रत्नागिरीच्या खात्यात पडतं, मग नफा कुठेही जावो. उलट चाकरमान्याने मुंबईहून घरी धाडलेले पैसे त्यात येतच नाहीत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बाहेरच्या कमाईवर चालणारी घरं किती असतील, विचार करा.

आणि केंद्र सरकारची २०२२-२३ ची घरगुती पाहणी उत्पन्नाची नव्हती, खर्चाची होती. श्रीमंत माणूस कमाईतला मोठा हिस्सा शिल्लक टाकतो, म्हणून खर्चातली विषमता कमी दिसते. तालुक्याचा वक्र काढायला तिचा नमुनाही तोकडा पडतो.

बंदरावरचा
आमच्याकडे बोट लागली की डिझेल, बर्फ, रेशन वजा करून वाटे पडतात. बोटीचा, जाळ्याचा, मग खलाशांचा. पर्ससीन जाळ्याच्या मोठ्या बोटीचा मालक, नेपाळहून आलेला खलाशी आणि टोपलीवाली मावशी एकाच धक्क्यावर उभी असतात. यांना कुठला रंग देणार, खाडीकाठ? बोटीवरच झोपणारा खलाशी तर घरोघरच्या पाहणीत सापडतही नाही. माझं मत वक्राला, पण त्यात तोही मोजला गेला पाहिजे.

धागाकर्ता
आकडेमोड, नमुना तोकडा असेल तर तो वाढवून मागू या. चुकीच्या सरासरीवर निधी वाटणं मला मान्य नाही. खाडीकाठ, वाडीवार नकाशा चालेल, पण त्यात सरासरी नको. मध्यक, म्हणजे उत्पन्नाच्या क्रमाने लावलेल्या घरांतल्या मधल्या घराचं उत्पन्न, दाखवा, आणि शेजारी खालच्या ४० टक्क्यांचा वाटा.

सड्यावरची
दादा, वाडीत दहा-बारा घरं. त्यातलं एक आंबा बागायतदाराचं, एक एकट्या म्हातारीचं. वाडीवार नकाशा छापलात की कोणाचं किती ते गावाला कळलंच. घर मोजणीला आलेल्या माणसाला मग खरं कोण सांगेल? निदान शंभरेक घरांचा गट करा. त्याखाली जाणार असाल तर माझा विरोध आहे.